स्टेफामावशी आणि फुकटचा कोरस

...नाही, पण मला एक सांगा, फुकट मिळालेल्या वस्तूला जागा लागत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? म्हणजे मलाही कुणी सांगितलं नव्हतं, मीच आपला धरून चाललो होतो. कपाटात ठेवायची नाही, फडक्याने पुसायची नाही, बायकोच्या नजरेला पडायची नाही, मग बिघडतंय कुठे? बिघडतं हो. तुम्हाला सांगतो, असं बिघडतं की भर लग्नात, अख्ख्या हॉलभर पाहुण्यांसमोर, सख्ख्या मावशीसमोर मान खाली घालून उभं राहावं लागतं, आणि मग कुणी विचारलं की बाबा रे, असं का केलंस तू, तर सांगायला माझ्याकडे एकच वाक्य. फुकट होतं ना हो!

मी डार्सी होलोवाटी. धंदा गालिचे बसवण्याचा. विनिपेगमध्ये थंडीत ज्यांचे पाय गरम राहतात त्यातल्या बऱ्याच जणांच्या पायाखाली माझं काम आहे, पण ते झालं पोटासाठी. जिवासाठी म्हणाल तर संगीत. आमच्या तळघरात, घर तापवायची भट्टी आहे ना, तिच्या पलीकडे मी एक स्टुडिओ केलाय. स्टुडिओ म्हणजे काय, एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन माइक आणि भिंतींना ठोकलेले उरलेल्या गालिच्यांचे तुकडे. एक दातांच्या दवाखान्यातला करडा, एक वकिलाकडचा हिरवा, आणि एक बिंगो हॉलचा, ज्याच्यावर लाल लाल चेंडू आहेत आणि ज्याच्याकडे फार वेळ बघितलं की गरगरतं. माझी बायको नोरीन त्याला स्टुडिओ म्हणत नाही. ती म्हणते, "मांजरांच्या वसतिगृहात बसलाय." आमच्याकडे मांजर नाही.

आता प्लगइन म्हणजे काय, ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस रडतोय कशावर. मोठ्या स्टुडिओत कशी भिंतभर यंत्रं असतात, बटणांची, दिव्यांची, एकेकाच्या किमतीत आमची गाडी येईल अशी? एक यंत्र आवाज दाबतं, एक घुमवतं, एक सूर सरळ करतं. तर त्या यंत्रांची कॉम्प्युटरमधली सोंगं म्हणजे प्लगइन. तीही विकत घ्यायला गेलं तर खिसा फाटतो. पण काही लोक ही सोंगं फुकट वाटतात. का वाटतात? मला काय माहीत का वाटतात! कुणी हौसेने, कुणी नाव व्हावं म्हणून, कुणी तुम्हाला जन्मभर ईमेल पाठवता यावेत म्हणून. आणि ते फुकट तरी कसं असतं, ऐका. आधी नाव द्या. मग ईमेल द्या. मग पासवर्ड द्या, त्यात एक मोठं अक्षर पाहिजे, एक आकडा पाहिजे, एक उद्गारचिन्ह पाहिजे, आणि तो आधी वापरलेला नको. मग ते प्लगइन बसवायला दुसरं एक सॉफ्टवेअर बसवा. ते बसवायला कॉम्प्युटर बंद करून चालू करा. आणि एवढं सगळं झाल्यावर ते उघडतं आणि म्हणतं, नमस्कार, मी जुना झालोय, माझ्यापेक्षा नवीन आलंय.

तरी घ्यायचो. दाढीवाला एक माणूस आहे व्हिडिओवर, रोज नवी टोपी घालून येतो आणि अगदी आपल्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं बोलतो, "मित्रांनो, हे जर तुमच्याकडे नसेल ना, तर तुम्ही आजवर जे केलंत ते सगळं वाया गेलं." मला सांगा, असं कुणी तोंडावर म्हटल्यावर कोण गप्प बसेल? मी आजवर काहीच केलं नव्हतं, तरी ते वाया जाऊ नये असं मला फार वाटायचं. त्यातून माझा दोस्त रोमेल. हा हिवाळी कोट शिवायच्या कारखान्यात कामाला, मूळचा मनिलाकडचा, पण थंडीबद्दल माझ्यापेक्षा कमी कुरकुर करणारा, आणि या व्यसनातला माझा जोडीदार. कोट शिवता शिवता निरोप पाठवायचा, "लेका, घुमारा आलाय, पोर्तुगालच्या मठातला, आज संध्याकाळी बंद होतंय, लवकर घे." की मी कुणाच्या तरी बेडरूममध्ये अर्धा गालिचा अंथरलेला तसाच सोडून, गुडघ्यांवर बसून, फोनवरून नाव नोंदवतोय.

घुमारा म्हणजे त्या त्या जागेसारखा आवाज घुमवणारं प्लगइन. नुसते घुमारेच बघा किती. पोर्तुगालच्या मठातला, आइसलंडच्या गुहेतला, रिकाम्या पोहण्याच्या तलावातला, धान्याच्या रिकाम्या कोठारातला... अहो, कोठारं आमच्याकडे गावागावात उभी आहेत, गाडी काढली की तासाभरात आत जाऊन शीळ घालता येईल, पण नाही, आम्हाला ते बेल्जियमच्या माणसाने भरून दिलेलं पाहिजे. एका प्लगइनला तर एकच बटण होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'जास्त'. काय जास्त ते कुठेही लिहिलेलं नाही. मी ते फिरवून पाहिलं, काहीतरी जास्त झालं खरं. ठेवून दिलं. फुकट होतं ना हो!

नोरीन एकदा कपडे धुवायला खाली आली आणि तिने सहज विचारलं, भांडायला नाही हं, अगदी सहज, की डार्सी, यातून गाणी किती झाली? मी म्हटलं, गाणी अशी मोजायची नसतात. ती बरं म्हणाली आणि कपड्यांची टोपली घेऊन वर गेली. तुम्हाला खरं सांगू? एकही झालं नव्हतं. सुरुवाती खूप झाल्या होत्या.

आणि अशात स्टेफामावशीचा फोन आला.

स्टेफामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यापासून मला पिरोगी, म्हणजे आमच्याकडचे बटाटे भरून उकडलेले कानवले, तिच्याच घरून येतात, डबे भरून, आणि डबा परत नाही केला तर ती रविवारी चर्चमध्ये सगळ्यांदेखत मागते. तिची मुलगी लॅरिसा, तिचं लग्न जूनमध्ये ठरलेलं. आणि आम्हा युक्रेनी लोकांच्या लग्नात केक असो नसो, कोरोवाय पाहिजे. कोरोवाय म्हणजे लग्नाचा मोठा पाव, वर कणकेची वेणी, कणकेचे पक्षी, आणि तो मळताना संसारी बायकांनी एकत्र बसून एक गाणं म्हणायचं असतं, कणिक फुगावी म्हणून, आणि कणकेबरोबर संसार फुगावा म्हणून. ते गाणं आमच्या भागात पहिल्यापासून शेवटपर्यंत येणारी एकटी मावशी राहिलीय. बाकीच्या बायका मागून सूर धरतात, शब्द आले तर आले.

मावशी म्हणाली, "डार्सी, तुझ्याकडे ती यंत्रं आहेत ना? मग माझं गाणं भरून घे. मार्चमध्ये डॉक्टर माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. गाठ जाईल म्हणतात, आवाजाचं सांगता येत नाही म्हणतात. लॅरिसाच्या लग्नात कोरोवाय आत आणताना मला गाता नाही आलं तर निदान गाणं तरी पाहिजे."

मी फोन ठेवला आणि पायरीवरच बसलो. एक तर गाठ हा शब्द. आणि दुसरं म्हणजे... आता हे सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं जे गालिचा नव्हतं.

फेब्रुवारीत तिला घेऊन आलो तळघरात. तिने कोट काढला, भिंतींवरचे गालिचे बघितले, बिंगोच्या चेंडूंपाशी जरा थांबली, आणि म्हणाली, "इथे कोण वारलं?" मी म्हटलं, मावशी, आवाज घुमू नये म्हणून लावलेत. ती म्हणाली, "आणि मग तू त्या मठातला घुमारा कशाला आणलास?" कारण कौतुकाने मी तिला सगळं दाखवून बसलो होतो ना! बरं, मी म्हटलं, आता गा. तर ती दोन्ही हात पुढे करून दाखवते मला. रिकामे. "कणिक कुठाय? हात रिकामे असताना हे गाणं म्हणायचं नसतं." मी म्हटलं, नुसतं एकदा, माइकपुरतं. नाही म्हणजे नाही. लग्नाचं गाणं रिकाम्या हाताने गायलं तर पोरीचं घर रिकामं राहतं म्हणे. आता हिच्याशी कोण वाद घालणार?

म्हणून मग बुधवारी गेलो चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात. बुधवारी त्या सगळ्या जणी तिथे पिरोगी वळतात, चर्चच्या मदतीसाठी विकतात, माझ्या लहानपणापासून हेच चाललंय. मावशीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आज पिरोगी नंतर, आधी सरावाचा कोरोवाय. नोरीन मदतीला आलेली. मी माइक लावले, हेडफोन घातले, आणि बघतो तर काय, आवाजात घरघर! चर्चची जुनी भट्टी, ती अशी धपापत होती पलीकडे. शिवाय फ्रीज. मी म्हटलं हे चालणार नाही. तोवर मावशीने गाणं सुरूही केलं होतं. मी तिला थांबवलं, फ्रीज बंद केला, भट्टीही बंद केली. बाहेर उणे तीस. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"बाळा," मावशी म्हणाली, "थंडीत कणिक फुगत नाही."

मी म्हटलं, एकदाच, मावशी, फार वेळ नाही लागणार. आणि त्यांनी काय केलं असेल? पुन्हा कोट चढवले, कुणी टोपी घातली, एकीने कणकेचं भांडं आपल्या शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं, तान्ह्या पोराला घ्यावं तसं, आणि हातमोजे काढून उघड्या हातांनी मळायला लागल्या. तोंडातून वाफा. आणि मावशीने सूर लावला.

तुम्हाला सांगतो, माझ्या मावशीचा आवाज गोड नाही. जाड आहे, खरबरीत आहे, वरच्या सुराला जाताना तो मध्ये एकदा अडतो आणि मग ती दम घेऊन पुन्हा ढकलते. ओळ संपली की लाटणं आपटते टेबलावर. मागच्या बायका कुणी आधी, कुणी नंतर. मध्ये कुणाचा तरी चमचा पडला, मावशी हसली, हसता हसता गायली, पुढच्या कडव्यात आईच्या आठवणीचे शब्द होते तिथे तिचा आवाज भरून आला आणि तिने तो तसाच जाऊ दिला. मी हेडफोन लावून एका कोपऱ्यात पिठाच्या पोत्यावर बसलो होतो, मला रडू फुटलं. मला माझी आईच समोर दिसली हो. आणि मला त्या क्षणी स्पष्ट वाटलं की यात आता करायला काहीही उरलेलं नाही. तिथेच थांबायला पाहिजे होतं. तिथेच सगळं बंद करून, भट्टी लावून, घरी जायला पाहिजे होतं.

पण घरी माझी ती सगळी प्लगइन्स बसली होती ना वाट बघत! इतकी वर्षं गोळा केली ती कशासाठी? वापरायची कधी?

मार्चमध्ये मावशीची शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली, देवाची कृपा, जीव राहिला. आवाज नाही राहिला. आता ती कुजबुजते, जवळ जाऊन ऐकावं लागतं. भेटायला गेलो तर माझा हात धरला आणि म्हणाली, "गाणं आहे ना तुझ्याकडे?" मी म्हटलं, आहे, मावशी. आणि तेव्हा ते होतं. हे लक्षात ठेवा, तेव्हा होतं.

एप्रिलपासून मी बसलो. पहिल्यांदा खरखर काढणारं प्लगइन लावलं, कारण भट्टी बंद केली तरी कुठूनतरी बारीक हुं हुं येत होतं. ते गेलं. त्याच्याबरोबर मावशीचा श्वासही गेला थोडा, पण म्हटलं स्वच्छ वाटतंय. मग सूर सरळ करणारं लावलं. ती वर जाताना अडायची ना, ती अडायची थांबली. मग लाटणं काढलं, कारण ते तालात नव्हतं. म्हणजे बघा, त्या गाण्याचा तालच ते लाटणं होतं, पण कॉम्प्युटरच्या हिशेबात ते तालात नव्हतं. चमचा काढला. हसणं काढलं. मग आवाज दाबला, मग उजळला, मग मठातला घुमारा दिला, मठ फार मोठा वाटला म्हणून पोहण्याचा तलाव दिला. आणि प्रत्येक वेळी ऐकून बघायचो तर काहीतरी कमी आहे असं वाटायचं. काय कमी आहे? म्हणून मी 'जास्त'चं बटण फिरवलं.

मग रोमेलने ऐकलं. तो म्हणाला, "स्वच्छ आहे रे, पण ऊब नाही." आणि त्याने एक प्लगइन पाठवलं. काय होतं ते, ओळखा. जुन्या इमारतीची घरघर! मागे कुठेतरी भट्टी चालू आहे असं वाटावं म्हणून. म्हणजे तुम्ही बघा, त्या बिचाऱ्या बायकांना उणे तिसात कोट घालून कुडकुडवत मी जी भट्टी बंद केली, तिचीच घरघर मी मे महिन्यात दुसऱ्या देशातून मागवून परत आत घातली. आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट म्हटलं, वा, आता कशी ऊब आली! आणि फुकट होतं ना हो!

आता खरं दुःख सांगतो. मागच्या बायकांचे आवाज होते ना, ते या सगळ्या धुण्यात विरून गेले होते. मावशी एकटीच उभी आहे असं वाटायचं. आणि नेमका त्याच आठवड्यात दाढीवाला नवी टोपी घालून आला. "मित्रांनो, नॉर्वेच्या एका खेड्यातला खराखुरा महिलांचा कोरस, एकेका बाईचा एकेक सूर वेगळा भरलेला, फक्त या शनिवार-रविवारी." रोमेलचा निरोप यायच्या आत मी नाव नोंदवून मोकळा. पण डाउनलोड काही होईना. कॉम्प्युटर म्हणतो, जागा नाही. जागा नाही म्हणजे? या नॉर्वेच्या बायका एवढी जागा घेणाऱ्या असतील हे मला काय माहीत! मग मी काय काढता येईल ते बघायला लागलो. घुमारे काढू? छे, ते आता पुन्हा मिळणार नाहीत. टोस्टरचं चित्र असलेलं एक प्लगइन होतं, ज्याला कधी हात लावला नाही, ते काढू? अहो, फुकट मिळालेलं टाकवत नाही, तुम्हीच सांगा, तुमच्याने टाकवतं का? आणि समोर दिसलं एक मोठं फोल्डर. 'मावशी, कच्चं.' म्हणजे त्या बुधवारी जे जसंच्या तसं भरलं होतं ते. मी म्हटलं, आता तर धुतलेलं, पुसलेलं, पक्कं आपल्याकडे आहे, मग हे कच्चं कशाला हवंय? कॉम्प्युटरने विचारलं हो मला, बिचाऱ्याने विचारलं, कायमचं पुसायचं का? वरून नोरीनने पण विचारलं त्याच वेळी, "डार्सी, झालं का रे गाणं?" मी दोघांनाही एकच उत्तर दिलं. हो.

आणि माझ्या चर्चच्या बायका पुसून मी त्यांच्या जागी नॉर्वेच्या आणून बसवल्या. काय सुरेल गात होत्या म्हणून सांगू! एकीचाही सूर आधी नाही, नंतर नाही.

जूनमध्ये लग्न. हॉल भरलेला, टेबलांवर कोबीच्या पानात गुंडाळलेले मुटके, बार चालू, लॅरिसा दिसत होती अगदी राजकन्या. मावशीने निळा झगा घातला होता आणि गळ्याभोवती बारीक रुमाल बांधला होता. दार उघडलं, आणि बुधवारच्या त्याच सगळ्या जणी, नटूनथटून, हातांवर कोरोवाय घेऊन आत आल्या. केवढा फुगला होता पाव! अर्थात, यावेळी भट्टीजवळ मी नव्हतो. आणि मी बटण दाबलं.

गाणं सुरू झालं, घुमत घुमत, आभाळातून यावं तसं. नवऱ्यामुलाचा काका माझ्याजवळ येऊन म्हणाला, "कुठल्या सिनेमातलं आहे हे?" आणि मी मूर्ख, मला ते कौतुक वाटलं! मग माझं लक्ष कोरोवाय धरलेल्या बायकांकडे गेलं. त्या कान देऊन ऐकत होत्या. स्वतःला शोधत होत्या हो त्या. आपण कुठे येतो, आता येऊ, या कडव्यात येऊ, असं तोंड करून एकमेकींकडे बघत होत्या. आणि लाटण्याच्या जागी, जिथे लाटणं आपटायचं, तिथे त्यातल्या एकीची टाच आपोआप जमिनीवर आपटली. गाण्यात काहीच आपटलं नाही. ती ओशाळली आणि तिने पाय मागे घेतला.

गाणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने मला बोटाने जवळ बोलावलं. मी वाकलो, कान तिच्या तोंडाशी नेला. ती कुजबुजली, "छान आहे. या कुठल्या गावच्या बायका?"

मी हसलो. मला वाटलं थट्टा करतेय. थट्टा करणं तिच्या रक्तातच आहे. पण ती हसत नव्हती. माझा हात धरून माझ्याकडे इतक्या भरवशाने बघत होती, आणि तिने विचारलं, "आणि आमचं कधी लावणार?"

मी म्हटलं, मावशी, हेच ते. ती पुन्हा एकदा त्या स्पीकरकडे बघत राहिली. मग माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, "जा, जेवून घे. गार होतंय." तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

दुसऱ्या दिवशी रोमेल आला, त्याला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. आम्ही दोघं तळघरात बसलो, पुसलेलं परत आणून देणारं एक सॉफ्टवेअर लावलं. फुकट, अर्थात. त्याने शोधलं, आणि सापडलं की! पडद्यावर नाव आलं, 'मावशी, कच्चं', मी तर रोमेलला मिठीच मारली. खाली बारीक अक्षरात, नाव बघणं फुकट आहे, परत आणायचे पैसे पडतील. आयुष्यात पहिल्यांदा, तुम्हाला शपथेवर सांगतो, मी एका क्षणात पैसे भरले. आणि त्या फोल्डरमधून काय निघालं? खरखर, तुकडे, आणि मध्येच एक नॉर्वेची बाई, आऽऽ करून. कारण त्या नेमक्या त्याच जागेवर येऊन बसल्या होत्या. एवढी मोठी डिस्क, एवढे घुमारे, गुहा, तलाव, टोस्टर, त्यांच्यापैकी कुणाच्या अंगावर नाही, बरोबर माझ्या मावशीच्या अंगावर. रोमेल म्हणाला, "माफ कर रे." मी म्हटलं, तुझं काय चुकलं? फुकट होतं.

मग ऑगस्टमध्ये नोरीन लॅरिसाला पाठवायला लग्नाचे फोटो निवडत होती फोनवर. आणि तिने वरून हाक मारली. नुसतं "डार्सी" म्हणाली, पण तिच्या आवाजावरून मी जिना धावत चढलो. तिच्या फोनमध्ये एक व्हिडिओ होता. त्या बुधवारचा. माझ्या नाकाला पीठ लागलं होतं म्हणून थट्टेला काढला होता आणि विसरून गेली होती. व्हिडिओत मी वायरी सोडवतोय, नाकाला पीठ, आणि मागे... मागे मावशी पहिली ओळ म्हणतेय. भट्टी धपापतेय, फ्रीज घुमतोय, बायका कुजबुजतायत, लाटणं आपटलं. अस्सल आवाज हो, तोच, खरबरीत! दुसरी ओळ. आता वर जाणार, आता अडणार... आणि तेवढ्यात एक गाढव मोठ्यांदा ओरडतं, "मावशी, थांब, थांब, जरा भट्टी बंद करतो!" ती थांबते. हसते. व्हिडिओ संपतो.

ते गाढव मी. जगात मावशीच्या गाण्याचं तेवढंच उरलंय, आणि त्याच्या बरोबर वरच्या सुरावर मी उभा आहे.

आणि बघा योग कसा असतो. त्याच आठवड्यात दाढीवाला. "मित्रांनो, कोणत्याही आवाजातून नको असलेला माणूस अलगद बाहेर काढा, अगदी फुकट." मी फोन उचलला आणि थेट मावशीकडे गेलो. ती पिरोगी वळत होती. तिला तो व्हिडिओ ऐकवला. तिने हात पुसले नाहीत, पिठाच्या हातांनीच फोन कानाशी धरला, पुन्हा ऐकला, पुन्हा ऐकला. डोळे भरून आले तिचे. मी म्हटलं, मावशी, आता एक नवीन प्लगइन आलंय, त्याने माझा आवाज काढून टाकता येतो, मग नुसती तू राहशील.

तिने मला खूण केली, वाक. मी वाकलो.

"तुझा आवाज राहू दे," ती कुजबुजली. "निदान लोकांना कळेल तरी, गाणं का थांबलं ते."

आणि मग स्वतःच हसली, आवाज न करता, खांदे हलवून. मीही हसलो. काय करणार? मग तिने पिठाच्या हातानेच माझ्या नाकाला पीठ लावलं, व्हिडिओत होतं त्याच जागी, आणि डबा भरून दिला. डबा अजून माझ्याकडेच आहे, रविवारी मागेल.

तर आता तो व्हिडिओ तसाच आहे. मी हात लावलेला नाही, नोरीनने त्याच्या प्रती काढून चार ठिकाणी ठेवल्यात आणि त्यातलं एकही ठिकाण मला सांगितलेलं नाही. माझा आवाज त्यात आहे तिथेच राहणार आहे, लॅरिसाच्या पोराबाळांच्या लग्नातही, कोरोवाय आत येईल, आजी गायला लागेल, आणि मी म्हणेन, थांब, थांब.

...ते प्लगइन? माणूस बाहेर काढायचं? नाही, वापरलं नाही. वापरणारही नाही, शब्द दिलाय मावशीला.

घेऊन ठेवलंय फक्त. आता असं बघू नका माझ्याकडे... फुकट होतं ना हो!